गाणं नव्हे, बारा इंची सांगा : डिस्को रेकॉर्ड्सच्या कट्ट्यावर नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या डिस्को रेकॉर्ड्सचे चार शौकीन जमलेत आणि त्यांच्यात एक नवखा येऊन बसलाय. आवडीची रेकॉर्ड विचारल्यावर तो सांगतो, "ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह'." कुणी नाक मुरडत नाही. एकजण फक्त विचारतो, "कुठलं?" आणि नवखा गोंधळतो. कुठलं म्हणजे काय? गाणं तर एकच आहे!

गाणं एकच, पण रेकॉर्ड्स तीन. सिंगलवर, म्हणजे छोट्या सात इंची तबकडीवर, ते सव्वातीन मिनिटांत आटोपतं, अल्बमवर पाचेक मिनिटं चालतं आणि बारा इंचीवर, म्हणजे एकाच गाण्याला वाहिलेल्या मोठ्या तबकडीवर, आठ. शब्द तेच, चाल तीच, आवाज तोच. तरी नाचणाऱ्याच्या लेखी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा परीक्षा घेताहेत असं वाटून रागच आला होता. विचारणाऱ्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका "कुठलं?"चं उत्तर देता यावं म्हणून आहेत.

पहिली पायरी : गायिकेकडे जरा दुर्लक्ष करा

आपला कान शब्दांवर आणि चालीवर पोसलेला असतो. गाणं लागलं की तो थेट गळ्याकडे धावतो. डिस्को ऐकताना उलट्या दिशेने जायचं, तळापासून वर.

१९७३ सालचं हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं 'द लव्ह आय लॉस्ट' लावा. फिलाडेल्फियातली रेकॉर्ड, ड्रम्सवर अर्ल यंग. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, चारही मात्रांवर सारख्या वजनाने पडते. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर हा काठीने वाजवायचा छोटा ड्रम. आणि दोन मात्रांच्या मधल्या फटीत हाय-हॅटच्या झांजा किंचित उघडून 'त्स्' करतात आणि मिटतात. पाय पडतो किकवर, पण उचलला जातो त्या 'त्स्'वर. हा ठेका यंगने असा काही बसवला की पुढची कित्येक वर्षं ड्रमर मंडळी तोच गिरवत राहिली.

आता शिक या गटाचं १९७९ सालचं 'गुड टाइम्स' घ्या, पण 'रिस्के' या अल्बमवरचं, आठ मिनिटांचं. ते चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त किक. दुसऱ्यांदा बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस, म्हणजे खर्जातली गिटार. तिसऱ्यांदा नाइल रॉजर्सची गिटार : तो स्वर लांबवत नाही, तारा छेडतो आणि लगेच दाबून गप्प करतो, त्यामुळे त्याची गिटार अर्धी तालवाद्यच होते. चौथ्यांदा व्हायोलिन्स. यात अर्धा तास जाईल. जाऊ द्या.

साधारण तीन मिनिटांनी या रेकॉर्डमध्ये एक गोष्ट घडते. गाणं बाजूला होतं, व्हायोलिन्स थांबतात, बेस आणि ड्रम्स तेवढे उरतात. मग सवड घेऊन एकेक वाद्य परत येतं. या मोकळ्या जागेला ब्रेक म्हणतात. घरी खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला ती रिकामी वाटते आणि तो पुढचं गाणं लावतो. तुम्ही तिथेच थांबा. याच बेसच्या आधारावर त्याच वर्षी शुगरहिल गँगने 'रॅपर्स डिलाइट' उभं केलं, आणि १९८० मध्ये क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मधून त्याचीच चाहूल आली. गाण्याचे शब्द कुणी उचलले नाहीत. सगळ्यांना हवी होती ती ही जागा.

दुसरी पायरी : तबकडी एवढी मोठी का, ते समजून घ्या

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओसाठी बनलेलं गाणं तीन मिनिटांचं असे. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर टॉम मोल्टनने पाहिलं की नाचणाऱ्यांच्या अंगात लय भिनते न भिनते तोच गाणं संपतं आणि माणसं जागा सोडून निघतात. त्याने गाण्याला गाणं जोडून एक टेप तयार केली, अशी की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळेपर्यंत पाय पुढे गेलेले. हातात होती फक्त टेप, कात्री आणि चिकाटी. ग्लोरिया गेनरच्या १९७५ सालच्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' या अल्बमची पहिली बाजू त्यानेच तशी बांधली : तीन गाणी, मध्ये खंड नाही.

बारा इंचीचा जन्म मात्र चक्क अडचणीतून झाला. मोल्टन एका मिक्सची, म्हणजे आवाज आणि वाद्यं नव्याने जुळवून केलेल्या आवृत्तीची, नमुना तबकडी कापून (तिच्यावर खाचा कोरून) घ्यायला गेला, तर होजे रॉड्रिग्ज या अभियंत्याकडच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. मग दहा इंची वापरली. एवढ्या मोठ्या तबकडीवर गाण्याची चिमूटभर पट्टी केविलवाणी दिसत होती, म्हणून खाचा दूरदूर पसरवल्या आणि आवाजाची पातळी वाढवली. वाजवून पाहिल्यावर फरक ऐकूच आला.

यामागचं कारण साधं आहे. खर्जातल्या आवाजाची खाच रुंद झोके घेते. छोट्या तबकडीवर खाचा दाटीवाटीने बसवायच्या तर ते झोके आवरावे लागतात, म्हणजे बेस कापावा लागतो. मोठ्या तबकडीवर एकच गाणं असलं की बेसला हातपाय पसरता येतात. दहाची पुढे बारा इंची झाली, डीजेंमध्ये अशा तबकड्या फिरू लागल्या, आणि १९७६ मध्ये सॅलसोल या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, डबल एक्सपोजर गटाचं 'टेन पर्सेंट' दुकानांत विकायला बारा इंचीवर आणलं. मिक्स वॉल्टर गिबन्सचा. तो स्वतः क्लबात वाजवणारा डीजे होता आणि त्याने ते गाणं नऊ मिनिटांच्या पलीकडे नेलं. ऐकताना लांबीकडे पाहू नका, त्याने काय काय काढून टाकलंय ते पाहा.

तिसरी पायरी : यादी नको, जोड्या घ्या

"सर्वोत्तम शंभर" छापाच्या याद्या नवख्याला दमवतात. दोन रेकॉर्ड्स शेजारी ठेवल्या की कान आपोआप तुलना करतो आणि शिकतो.

पहिली जोडी म्युनिकची. गायिका डोना समर आणि निर्माते जॉर्जियो मोरोडर व पीट बेलॉट या तिघांचं 'लव्ह टू लव्ह यू बेबी' (१९७५) आणि 'आय फील लव्ह' (१९७७). पहिलं जवळजवळ सतरा मिनिटांचं, अल्बमची एक अख्खी बाजू. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने ते आपल्या पार्टीत लावलं, पाहुणे ते पुन्हा पुन्हा मागू लागले, तेव्हा त्याने मोरोडरकडे लांब आवृत्ती मागितली. त्यात हाडामांसाचे वादक आहेत. दोनच वर्षांनी आलेल्या दुसऱ्यात जवळपास सगळं 'मूग' नावाच्या सिंथेसायझरचं. फक्त किक कीथ फोर्सी या ड्रमरने पायाने वाजवलेली, कारण यंत्रातून हवी तशी किक निघेना. हेडफोनचा एक कान काढून ऐका, मग दुसरा : बेसचा एक स्वर एका बाजूला आणि त्याची किंचित उशिराची सावली दुसऱ्या बाजूला. दोन्ही कान लावले की स्वर दुप्पट वेगाने धावल्यासारखे वाटतात.

दुसरी जोडी एकाच गाण्याची, आणि मला विचाराल तर या लेखातली सगळ्यात मोलाची. लूज जॉइंट्सचं 'इज इट ऑल ओव्हर माय फेस' (१९८०, वेस्ट एंड लेबल). यामागे आर्थर रसेल होता, मूळचा चेलोवादक. एका आवृत्तीत पुरुषांचे आवाज आहेत. सैलसर, थोडे बेशिस्त, जणू स्टुडिओत कुणीतरी सहज गुणगुणतंय. दुसरीत बाईचा आवाज, आणि मिक्स लॅरी लेव्हनचा. न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवरच्या पॅराडाइज गराज या क्लबात लेव्हनने १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं वाजवलं. आपल्या नाचाच्या जमिनीवर माणसं कशाने हलतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने रेकॉर्ड घट्ट केली, अधलंमधलं सोलून काढलं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि कुठली आवडली ते ठरवा. शौकिनांत यावरून वाद होतात आणि ते कधी मिटत नाहीत. मी पुरुषांच्या बाजूचा. अल्पमतात आहे, तरी हटणार नाही.

तिसरी जोडी वेगाची. सिल्व्हेस्टरचं 'यू मेक मी फील (माइटी रिअल)' (१९७८) सुसाट सुटतं. सिल्व्हेस्टर लहानपणापासून चर्चमध्ये गाणारा, आणि हे गाणंही आधी पियानोवरच्या गॉस्पेल वळणाचं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅट्रिक काउलीने सिंथेसायझर घातले आणि ते उडालं. त्याच्या शेजारी टाना गार्डनरचं 'हार्टबीट' (१९८१) ठेवा, तेही वेस्ट एंडचं, लेव्हनने मिक्स केलेलं. ते इतकं संथ आहे की टर्नटेबल चुकीच्या वेगावर आहे की काय म्हणून आपण वाकून बघतो. दोन्ही नाचायच्याच रेकॉर्ड्स. जलद म्हणजे नाचाचं आणि संथ म्हणजे बसून ऐकायचं, हा समज इथे मोडतो.

चौथी पायरी : रेकॉर्ड उलटी करा

कंपनी ज्याला मुख्य गाणं म्हणते ते पहिल्या बाजूला, उरलंसुरलं मागे. डिस्कोत मागच्या बाजूने वेळोवेळी पुढच्या बाजूला हरवलंय.

'आय विल सर्व्हाइव्ह' १९७८ मध्ये आलं ते 'सब्स्टिट्यूट' या गाण्याच्या पाठीवर. डीजेंनी तबकडी उलटवली आणि पुढचं गाणं लोक विसरून गेले. कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' (१९७४) हेही मागच्या बाजूसाठी घाईत उरकलेलं. त्याचा निर्माता बिद्दू, बंगळुरूहून लंडनला गेलेला. पुढे १९८०चं 'आप जैसा कोई' केलं तोच. आणि मनू दिबांगोचं 'सोल मकोसा' (१९७२) तर कॅमेरूनमध्ये भरलेल्या आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेसाठी केलेल्या गीताच्या मागे होतं. ती रेकॉर्ड न्यूयॉर्कच्या डेव्हिड मॅनकुसोच्या हाती लागली. तो ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत, 'लॉफ्ट'मध्ये, १९७० पासून फक्त आमंत्रितांसाठी नाचाच्या पार्ट्या करत असे. तिथून बाकीच्या डीजेंनी ती उचलली, शहरातल्या मोजक्या प्रती संपल्या, आणि मूळ रेकॉर्ड अमेरिकेत रीतसर निघेपर्यंत इतरांनी तिच्या नकलाही काढल्या.

तर, बारा इंची हातात आली की मागची बाजू आधी. तिथे बहुधा गायनाविना आवृत्ती असते किंवा डब, म्हणजे आवाजाचे तुकडे तेवढे ठेवून प्रतिध्वनीत बुडवलेली. वेस्ट एंड आणि प्रिल्यूड या लेबलांच्या १९८०च्या आसपासच्या रेकॉर्ड्समध्ये खरी करामत पुष्कळदा तिथेच सापडते.

पाचवी पायरी : लेबल वाचायला शिका

आपण गायकाचं नाव वाचतो आणि थांबतो. तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलवर आणखी बरंच असतं : मिक्स कुणाचा, निर्माता कोण, किती मिनिटं, मिनिटाला ३३ की ४५ फेरे, साल. मिक्स करणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा. एखाद्या नावाच्या तीन रेकॉर्ड्स आवडल्या की चौथी न ऐकता घ्यायला हरकत नाही. मोल्टन, गिबन्स, लेव्हन, फ्रान्स्वा केव्होर्कियन ही नावं वारंवार भेटतील. वादकांचीही नावं टिपा. फिलाडेल्फियाच्या गँबल आणि हफ या निर्मात्यांच्या एमएफएसबी या स्टुडिओ-वाद्यवृंदातून अर्ल यंग, बेसवादक रॉनी बेकर आणि गिटारवादक नॉर्मन हॅरिस सॅलसोलकडे गेले. म्हणून 'द लव्ह आय लॉस्ट' आणि 'टेन पर्सेंट' यांची लेबलं वेगळी आणि ठेका सख्ख्या भावांचा.

लेबलच्या भोवती, खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर, उजेड तिरपा धरला की कोरलेली अक्षरं आणि आकडे दिसतात. 'स्टर्लिंग' किंवा 'फ्रँकफर्ड वेन' असा शिक्का दिसला तर ती तबकडी कुठल्या स्टुडिओत कापली ते कळलं. एकाच रेकॉर्डच्या दोन छपाया ओळखायच्या त्या याच अक्षरांवरून. कव्हर फसवतं, ही पट्टी सहसा फसवत नाही.

आणि जे नाव लेबलवर नाही, तेही शोधा. लोलिएटा हॉलोवेने १९८० मध्ये सॅलसोलसाठी 'लव्ह सेन्सेशन' गायलं. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाने त्यातले तिच्या गळ्याचे तुकडे उचलून 'राइड ऑन टाइम' केलं. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि पडद्यावर ओठ हलवत होती एक मॉडेल. अशा रेकॉर्डची शिफारस करताना हॉलोवेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कट्ट्यावरच्या जुन्या लोकांना या बाबतीत चूक खपत नाही, आणि ते बरोबर आहे.

सहावी पायरी : १९७९ला थांबू नका

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये, डिस्को रेकॉर्ड्सनी भरलेली पेटी स्फोटाने उडवली गेली. प्रेक्षक मैदानात घुसले, मैदानाची दुर्दशा झाली आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला. पुष्कळ इतिहास इथे "डिस्को संपला" म्हणून पान उलटतात. त्या दिवशी स्टेडियममध्ये व्हिन्स लॉरेन्स नावाचा पोरसवदा मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. लोक जाळायला आणत होते त्यांत डिस्को नसलेल्या, पण कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्ड्सही होत्या, असं त्याने पुढे सांगितलं. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सची 'ऑन अँड ऑन' ही शिकागोतल्या पहिल्या हाउस (डिस्कोतून निघालेलं, यंत्रांवर बेतलेलं नाचाचं संगीत) रेकॉर्ड्सपैकी एक निघाली, तिच्या रचनेत हाच लॉरेन्स होता.

'हाउस' हे नाव आलं शिकागोच्या वेअरहाउस क्लबवरून. न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तिथे १९७७ पासून वाजवत होता. कंपन्यांनी डिस्को म्हणणं बंद केलं, पण त्याची जमीन भरलेलीच होती. जुन्या रेकॉर्ड्सना तो टेपवर कापून लांबवत होता आणि पुढे ड्रम मशीनची जोड देऊ लागला. डिस्कोकडून हाउसकडे जायचा रस्ता कानाने चालायचा असेल तर 'आय फील लव्ह'नंतर लगेच मिस्टर फिंगर्सचं 'कॅन यू फील इट' (१९८६) लावा. मध्ये नऊ वर्षं गेलीत असं वाटणार नाही.

इथे एक रेकॉर्ड सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर गटाने 'अॅसिड ट्रॅक्स' काढलं. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे बेसचं छोटं यंत्र, बाजारात पडलेलं, त्यांनी पिळून पिळून किंचाळायला लावलं आणि अॅसिड हाउस जन्माला आला. पण १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने तेच ३०३ आणि सोबत ८०८ हे ड्रम मशीन घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ध्वनिमुद्रित केलं होतं. भैरव, ललित, भूपाळी, आणि खाली डिस्कोचा ठेका. तेव्हा फारशी विकली गेली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभरच्या शौकिनांनी डोक्याला हात लावला. शिकागोवाल्यांनी ती ऐकलेली नव्हती; एकच यंत्र दोन ठिकाणी दोन माणसांच्या हाती लागलं, एवढंच. रागाचा कान असणाऱ्याला यात जे ऐकू येईल ते बाकीच्यांना येणार नाही, तेव्हा तुमच्या पोतडीत ही असू द्या.

इटलीच्या डिस्कोबद्दल दोनच वाक्यं. क्लाइन अँड एमबीओचं 'डर्टी टॉक' (१९८२) ऐका, आवडलं तर पुढे अख्खी खाण आहे. नाही आवडलं तर वर्षभराने परत या.

सातवी पायरी : विकत घेताना आणि सांभाळताना

नाचाच्या रेकॉर्ड्सनी कष्ट काढलेले असतात. क्लबात डीजे सुई ठेवून तबकडी पुढेमागे हलवत सुरुवात शोधतो, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांची खाच झिजते आणि तिथे खरखर येते. विकणाऱ्याला नेमकं हेच विचारा : सुरुवातीला खरखर आहे का? त्या काळातल्या अमेरिकेतल्या अनेक सात इंची रेकॉर्ड्स विनाइलऐवजी स्टायरिनच्या असत. त्या आणखी लवकर झिजतात, त्यामुळे वरून चकचकीत दिसल्या तरी वाजवून घ्या.

दर्जाच्या संज्ञा ऐकून हुरळू नका. 'व्हीजी' म्हणजे शब्दशः फार चांगली, पण व्यवहारात ती कडकड वाजणारी. 'व्हीजी प्लस' ही नवख्यासाठी योग्य जागा. 'मिंट' लिहिलेलं दिसलं की मी आधी भुवया उंचावतो.

सगळ्यात मोठा सापळा आवृत्तीचा. एका मित्राकडे मी नऊ मिनिटांचा एक मिक्स ऐकून वेडा झालो आणि त्याच रात्री तो अल्बम मागवला. आला, लावला, चार मिनिटांत संपला. मिक्स फक्त बारा इंचीवर होता आणि मी कव्हरचा फोटो बघून पैसे मोजले होते. तेव्हापासून लेबलचा फोटो आणि मिनिटं बघितल्याशिवाय घेत नाही. ऑनलाइन ऐकतानाही हेच : कितीतरी संग्रहांत जुनी गाणी त्याच गायकांनी पुष्कळ वर्षांनी पुन्हा गायलेली असतात. नाव तेच, चाल तीच, पण ड्रम्सचा आवाज प्लास्टिकच्या डब्यासारखा. लांबी आणि मूळ लेबल जुळतंय का ते बघा.

सांभाळायचं म्हणाल तर उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा. फारच कळकट असेल तर डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून. सुईचा भार तिच्या कंपनीने सांगितला असेल तेवढाच. घरगुती सुयांना तो बहुधा दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास असतो. कमी भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

आठवी पायरी : शिफारस करायची कशी

"भारी गाणं आहे, ऐकाच" यातून समोरच्याला काही मिळत नाही. नाव, लेबल, साल, आवृत्ती आणि एक जागा सांगा. नमुना : "एमएफएसबीचं 'लव्ह इज द मेसेज', पण १९७७च्या 'फिलाडेल्फिया क्लासिक्स'वरचं, टॉम मोल्टनने लांबवलेलं. गाणं संपल्यासारखं वाटेल तिथे उठू नका, पुढे वाद्यवृंद सैल सुटतो." एवढ्यात समोरचा शोधायला लागतो.

लोकप्रिय रेकॉर्ड सांगायला लाजू नका, पण तिच्याबद्दल काहीतरी आणा. बी गीजचं 'स्टेइंग अलाइव्ह' कुणाला माहीत नाही? पण ते होत असताना त्यांच्या ड्रमरला तातडीने घरी जावं लागलं होतं. म्हणून 'नाइट फीव्हर'मधल्या ड्रम्सच्या दोन आवर्तनांची टेप कापून तिचं कडं केलं आणि तेच फिरवत ठेवलं. श्रेय दिलं बर्नार्ड लूप या अस्तित्वातच नसलेल्या ड्रमरला. हे कळल्यावर ती रेकॉर्ड पुन्हा ऐका. ठेका किती यांत्रिक आहे ते आता जाणवेल, आणि म्हणूनच किती हट्टी.

"हा खरा डिस्को नाही" हे वाक्य पहिलं वर्षभर तरी उच्चारू नका. दुसऱ्याची आवड ऐकून झाल्यावर लगेच आपली पुढे करू नका. आणि कुणी सांगितलेली रेकॉर्ड ऐकली की काय वाटलं ते परत येऊन सांगा, नाही आवडली तरी. शिफारशीला उत्तर न येणं याइतकं जिव्हारी काही लागत नाही.

एकत्र बसून ऐकायचं ठरलं तर

प्रत्येकाने तीन रेकॉर्ड्स आणाव्यात. पाच आणल्या की शेवटची दोन माणसं ताटकळतात. क्रम वयावर किंवा मानावर लावू नका, वेगावर लावा. पंधरा सेकंदांत किक किती वेळा पडते ते मोजा आणि चारने गुणा. हा झाला मिनिटाचा वेग, ज्याला बीपीएम म्हणतात. डिस्को साधारण ११० ते १३० मध्ये राहतो. शंभरच्या आसपासच्या आधी, मग चढत जा, आणि उतरायलाही दोन-तीन रेकॉर्ड्स राखून ठेवा. एकदम थांबलं की पाय रागावतात.

मिक्सिंग येत नाही म्हणून खंत करू नका. मॅनकुसोनेच पुढे मिक्सिंग सोडून दिलं आणि प्रत्येक रेकॉर्ड पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, जशी आहे तशी वाजवली. दोन रेकॉर्ड्सच्या मध्ये क्षणभर शांतता पडली तर पडू द्या, कुणीतरी पाणी पिऊन घेतं.

शेवटची रेकॉर्ड लांबलचक लावायची पद्धत आहे, आणि तोवर सगळे पसरलेले असतात. साधं टर्नटेबल स्वतःहून सुई उचलत नाही. रेकॉर्ड संपली की ती शेवटच्या खाचेत टक्, टक् करत फिरत राहते आणि विनाकारण झिजते. म्हणून एकाने यंत्रापाशी उभं राहावं लागतं. हे काम बहुतेक सगळ्यात नव्या माणसाकडे येतं. आलं तर कुरकुर करू नका. सुई उचलली की लेबल निवांत वाचायला मिळतं, आणि मिक्स कुणाचा होता ते सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळतं.